चिंतामणी रंगाची भिंत : चित्रकाराचं घर आणि चित्रांवर चालणारं घर

निळीशाई

नमस्कार मंडळी,

नव्या घराचं रंगकाम पूर्ण झालं की सविस्तर लिहीन असं इथे कबूल केलं होतं. गेल्या रविवारी रंगारीकाकांनी शिडी उतरवली, जमिनीवर अंथरलेली रद्दी गोळा केली आणि जाता जाता डाळिंबी भिंतीवरून एकदा हात फिरवला. काम मनासारखं झालं की ते असा हात फिरवतात, हे मला या तीन आठवड्यांत कळलं.

घर पुण्यात, कोथरूडला. जुनी सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट नाही, ४३० चौरस फूट. मी पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी चित्रं काढते, २००९ पासून. चौदा वर्षं भाड्याच्या घरांत काढली, पाच घरं झाली, आणि एखादी भिंत सोडली तर पाचही घरांत भिंती त्याच मळकट पांढऱ्या. खिळा ठोकायचा तरी मालकांना फोन. त्या सगळ्या वर्षांत माझे रंग बहुतेक कागदावरच होते. म्हणून हे घर ताब्यात आलं तेव्हा फर्निचरच्या आधी रंगांची यादी केली.

यादी करताना लक्षात आलं की मला शेड कार्डातली नावं आठवत नाहीत, साड्यांची आठवतात. अबोली, श्रीखंडी, डाळिंबी, मोतिया, पारवा, शेवाळी, गुलबक्षी, चिंतामणी. आई आणि मावशी दुकानात गादीवर बसून हेच शब्द बोलायच्या आणि दुकानदार वर न बघता नेमका तोच गठ्ठा काढायचा. माझं रंगांचं पहिलं शिक्षण ते. तर स्वयंपाकघर श्रीखंडी, झोपायची खोली अबोली, दारातून आत येतानाची अरुंद बोळकांडी डाळिंबी, बाल्कनीचं दार पोपटी. आणि बाहेरच्या खोलीतली मोठी भिंत चिंतामणी.

सगळ्यात जास्त दिवस त्या भिंतीने घेतले. आईची एक इरकल आहे, तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची. ती पिशवीत घालून मी बोहरी आळीतल्या रंगांच्या दुकानात गेले. दुकानातल्या मशीनवर पदराजवळच्या रंगाचं माप घेतलं, एक लिटरचा डबा बनवून घेतला, घरी आणून हातभर जागेत लावून पाहिला. भिंतीवर दिसला तो शाळेच्या गणवेशाचा निळा. साडीचा मागमूस नाही. पुन्हा गेले. या वेळी दुकानदारांना विनंती करून साडी आणि रंगवलेला पुठ्ठा दोन्ही बाहेर फुटपाथवर उजेडात आणले. ट्यूबखाली जुळे वाटणारे दोन रंग उन्हात सरळ वेगळे दिसले. याला मेटामेरिझम म्हणतात, कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, पण आईच्या साडीवर पाहिलं तेव्हा समजलं.

तरी साडी का जमत नव्हती ते रंगारीकाकांनी सांगितलं. त्यांनी काठाजवळचा एक सुटलेला धागा नखाने ओढून वेगळा केला. ताणा, म्हणजे उभे धागे, हिरव्याकडे झुकणारा; बाणा, म्हणजे आडवे धागे, निळा. कापड हलतं तसा कधी हा वर येतो कधी तो, म्हणून साडी एका जागी एका रंगाची राहतच नाही. डब्यातल्या रंगाला हे कसं जमणार? मग त्यांनीच मार्ग काढला. लांबी (पुट्टी) आणि अस्तर (प्रायमर) झाल्यावर खाली मोरपंखीचे दोन हात मारले, ते पूर्ण वाळू दिले, आणि वरून निळा रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने, आधी उभा मग आडवा ओढला. विणल्यासारखा. सकाळी पूर्वेचा उजेड येतो तेव्हा ती भिंत निळी असते आणि संध्याकाळी दिवा लावला की हिरवी होते. आई आली, पाच मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली, "माझीच आहे ही."

एक कोपरा मात्र मी मुद्दाम रंगाविना ठेवला आहे. माझं टेबल जिथे आहे तिथली समोरची आणि बाजूची भिंत साधी राखाडी, चमक नसलेली. त्यामागे एक दुखरी गोष्ट आहे. चौथ्या भाड्याच्या घरात मालकांनी परवानगी दिली म्हणून हौसेने टेबलामागे पिवळा लावला होता. त्या वर्षी मुलांचं एक पुस्तक केलं, बत्तीस पानं, जलरंगात. छापून आलं तेव्हा सगळी मुलं थंडीने काकडल्यासारखी निळसर. छापखान्याची चूक नव्हती. पिवळ्या भिंतीवरून परावर्तित उजेड कागदावर पडत होता, माझ्या डोळ्यांना त्याची सवय झाली होती, आणि तो पिवळेपणा मारण्यासाठी मी नकळत प्रत्येक रंगात निळा ढकलत होते. ते पुस्तक आजही माझ्या कपाटात आहे आणि उघडलं की वाईट वाटतं.

पॅरिसच्या गोबलँ या विणलेल्या चित्रपडद्यांच्या कारखान्यात रंगाई खात्याचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ मध्ये, शेजारच्या रंगामुळे रंग कसा वेगळा दिसतो यावर अख्खा ग्रंथ लिहिला. विणकरांची तक्रार होती की काळा रंग फिका येतो. त्यांनी पाहिलं तर रंग ठीक होता, शेजारचे धागे त्याला फिका दाखवत होते. शेजार बदलला की रंग बदलतो. म्हणून माझ्या टेबलाला शेजार नाही.

घरातल्या रंगांबद्दल, आणि या कामावर घर कसं चालतं याबद्दल जे विचारायचं असेल ते विचारा. तुमच्याकडच्या भिंतींबद्दलही लिहा.

सदाफुली

किती सुंदर लिहिलं आहेस. ताणा-बाण्याचा भाग दोनदा वाचला.

पण एक सांगू का, आमच्याकडे चिंतामणी म्हणजे निळा. स्वच्छ निळा, मोरचुदासारखा. तुझा आहे तो आमच्या घरात मोरपंखी झाला असता. माझ्या आजीच्या तोंडी "चिंतामणीला हिरवी झाक आली की तो चिंतामणी राहिला नाही" असं वाक्य होतं.

पेठेतली_मी

आमच्या सासरी चिंतामणी जांभळ्याकडे जाणारा! मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी "चिंतामणी साडी काढ" म्हटलं आणि मी भलतीच काढली होती. तेव्हापासून या रंगाचा मला धाकच आहे.

निळीशाई

@सदाफुली, @पेठेतली_मी, मला हे वाचून फार आनंद झाला. तीन घरं, तीन चिंतामणी. कदाचित घरात जी पहिली साडी त्या नावाने आली तीच त्या घराची व्याख्या ठरते. हातमागाच्या साडीत ताणा बदलला की तोच निळा बाणा कधी हिरवट कधी जांभळट दिसणार, त्यामुळे तिघी बरोबर असू शकतो. जमलं तर तुमच्या साड्यांचे फोटो टाका, पण दिवसाउजेडी, खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता.

मांडवी_काठ

धागा आवडला. गोव्यातून लिहितो आहे म्हणून एक अभिमानाची गोष्ट नोंदवतो. मराठी मासिकांची मुखपृष्ठं घराघरांत पोचवणारे दोन चित्रकार, दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही मूळचे गोव्याचे. दलाल १९१६ चे, मुळगावकर १९१८ चे. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचं 'दीपावली' सुरू केलं, म्हणजे चित्रकार स्वतःच प्रकाशक झाला. आमच्या घरी देवघरात मुळगावकरांची लक्ष्मी होती, कॅलेंडरमधून कापून चौकटीत बसवलेली. वर्ष संपलं, तारखा गेल्या, चित्र राहिलं. कितीतरी घरांत चित्रकला अशीच शिरली असणार.

आणि व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा. गोव्यातल्या लोटलीचं त्यांचं वडिलोपार्जित घर लोकांना माहीत असतं, पण मुंबईतली त्यांची चित्रं बघायला गॅलरीत जायला नको. कुलाब्याच्या कॅफे माँडेगारच्या भिंतींवर आहेत, चहा पिता पिता बघता येतात. भिंत हीसुद्धा चित्रकाराची कमाईची जागा आहे, एवढंच त्यावरून सुचलं.

निळीशाई

@मांडवी_काठ, कॅलेंडरमधली लक्ष्मी आमच्याकडेही होती! दलालांच्या बाबतीत तुम्ही म्हणता ते फार महत्त्वाचं आहे. मराठीत चित्रकाराला काम मिळण्याची सगळ्यात मोठी, नियमित जागा म्हणजे दिवाळी अंक. 'मनोरंजन' मासिकाचा १९०९ चा अंक पहिला मानतात, म्हणजे शंभराहून जास्त वर्षं ही परंपरा चालू आहे. माझंही पहिलं छापील काम दिवाळी अंकातलंच, एका कथेसाठी दोन रेखाटनं. श्रावणात कथा हातात येते, गणपतीच्या आसपास चित्रं द्यायची असतात. माझं वर्ष अजूनही याच पंचांगाने चालतं.

पाटीवाला

मी कोल्हापूरचा. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, नाटकाच्या पडद्यांवरही हात होता. बाबूराव पेंटरांनी सिनेमाच्या आधी नाटकांचे पडदे रंगवले होते, त्या गोष्टी वडिलांनी आपल्या गुरूंकडून ऐकलेल्या आणि आम्हाला जेवताना सांगितलेल्या.

दोन रंगांच्या भिंती जिथे मिळतात तिथली रेघ सरळ कशी आणली ते लिहिलं नाहीत. मास्किंग टेपने काढली असेल तर जुन्या भिंतीवर टेपखालून रंग झिरपतो. वडील दोरी वापरायचे. सुती दोरी निळीच्या पुडीत लोळवायची, दोन टोकांना दोघांनी ताणून धरायची आणि मधोमध चिमटीत उचलून सोडायची. टण्णकन आवाज येतो आणि भिंतीवर केसासारखी रेघ उमटते. मग मनगटाखाली टेकणीची काठी घेऊन, चपट्या ब्रशने, श्वास रोखून एका दमात रंग ओढायचा. मी लहानपणी दोरीचं दुसरं टोक धरायचो. आवाज झाला की वडील "हं" म्हणायचे. ते "हं" अजून कानात आहे.

निळीशाई

@पाटीवाला, टेपच वापरली होती आणि अगदी तसंच झालं, डाळिंबीची जिभळी अबोलीत शिरली आहे. रंगारीकाका येत्या शनिवारी बारीकसारीक दुरुस्तीला येणार आहेत, त्यांना हे वाचून दाखवते. निळीची पुडी घरात आहेच.

खिडकीपाशी

मी मुंबईत भाड्याने राहते, अकरा महिन्यांचा करार, रंग लावायचा नाही अशी अटच आहे. वाचून हुरूप आला आणि थोडं रडूही. भाडेकरूने काय करावं?

निळीशाई

@खिडकीपाशी, चौदा वर्षांचा अनुभव सांगते. भिंतीला हात लावू नका, भिंतीपुढे काहीतरी उभं करा. मी जुन्या बाजारातून पत्र्याची ट्रंक आणली होती, पॉलिश पेपरने घासून, अस्तर लावून राणी रंगात रंगवली. ती पाचही घरांत माझ्याबरोबर आली आणि आज या घरात चहाचं टेबल म्हणून उभी आहे. दुसरं, खणाचं कापड. गुळेदगुड्डच्या खणात ताणा-बाण्याचा तोच खेळ असतो, दोन-तीन तुकडे जोडून पडदा केला की खोलीचा उजेडच बदलतो. तिसरं, गोधडी. पडद्याच्या नळीवर भिंतभर आडवी टांगली की एकही खिळा न ठोकता अख्खी भिंत झाकते, कारण नळी आधीपासून असते. आणि प्लायवुडचा मोठा फळा घ्या, त्याला हवा तो रंग द्या, भिंतीला टेकवून ठेवा. घर सोडताना सगळं टेम्पोत चढतं.

चुना_आणि_काव

इमारत दुरुस्तीच्या कामात आहे म्हणून एक कळकळीची सूचना. गडद रंग लावायच्या आधी भिंतीची ओल तपासा. पाइप गळत असेल किंवा बाहेरून पाणी झिरपत असेल तर आधी ते बंद करा, मग भिंत पूर्ण सुकू द्या. इमल्शन रंग ओल्या भिंतीवर लावला की आतलं पाणी बाहेर यायला वाट शोधतं, फुगे येतात, पोपडे सुटतात, पांढरे क्षार फुलतात. पांढऱ्या भिंतीवर ते क्षार चालून जातात, चिंतामणीवर लांबून दिसतील. पूर्वी दसऱ्यानंतर भिंतींना चुना लावायची पद्धत होती ती उगाच नाही. पाऊस गेलेला असतो, हवा कोरडी असते, आणि चुन्यातून भिंत श्वास घेते.

सदाफुली

+१. आमच्याकडे जूनमध्ये रंग लावला आणि सप्टेंबरात हाताने सोलून निघाला.

दोन_वेण्या

मला घरापेक्षा दुसऱ्या भागाबद्दल विचारायचं आहे. मुलगी बारावीत आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा ए ग्रेडमध्ये झाल्या. तिला चित्रकारच व्हायचंय, पुस्तकांची. घरात दोन तट पडले आहेत. माझे यजमान म्हणतात, हौस म्हणून ठीक आहे, पोट कसं भरणार? मला तिच्या बाजूने बोलायचं आहे, पण माझ्याकडे उत्तर नाही. ताई, खरं काय ते सांगाल का?

निळीशाई

@दोन_वेण्या, खरं तेच सांगते आणि जरा लांबलचक सांगते, कारण माझ्या आईलाही हेच विचारायचं होतं आणि तिला सांगायला कुणी नव्हतं.

शिक्षण : बीएफए या ललित कला पदवीची चार वर्षं, उपयोजित कला शाखा. प्रवेशासाठी राज्याची कला सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. मुंबईची जेजे १८५७ पासूनची संस्था, पुण्यात अभिनव आहे, इतर शहरांतही महाविद्यालयं आहेत. कॉलेजचं नाव महत्त्वाचं आहे, पण तिथली वही त्याहून महत्त्वाची. मी स्वारगेटला बसून रोज पंधरा माणसं रेखाटायचे, बस यायच्या आत. आज पुस्तकात गर्दी काढायची असते तेव्हा तीच माणसं उठून येतात.

पैसा : पहिली चार वर्षं मी जाहिरात कंपनीत नोकरी केली आणि रात्री पुस्तकांची चित्रं काढली. नोकरी सोडली तेव्हा सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला होता. हे मी प्रत्येकाला सांगते, त्याशिवाय सोडू नका. दिवाळी अंकातल्या माझ्या पहिल्या रेखाटनाला ३०० रुपये मिळाले होते. नुसत्या मराठी मासिकांवर घर चालत नाही, हे तुमच्या यजमानांचं म्हणणं बरोबर आहे. पण माझं घर त्यावर चालतच नाही. मुलांची मराठी पुस्तकं, इंग्रजी पुस्तकं, शैक्षणिक संस्थांची तक्ते-पुस्तिकांची कामं, एखाद्या कंपनीच्या भिंतीवरचं चित्र, शनिवारची मुलांची कार्यशाळा, असे पाच झरे आहेत. एक आटला तर दुसरा वाहतो. या घराच्या कर्जाचा हप्ता त्यांतूनच जातो आणि आजवर चुकलेला नाही.

कठीण काय, तर वाट बघणं. एका प्रकाशकाने, नाव घेत नाही, चाळीस चित्रांचे पैसे तेरा महिन्यांनी दिले. तेव्हा मी भाडं भरायला बांगडी मोडली होती. त्यात लाज काही नाही, पण राग आहे, आणि तो राग मी पुढे करार वाचायला शिकण्यात घातला.

आणि सुख काय ते एका प्रसंगात सांगते. वाचनालयात एक सहा वर्षांची मुलगी माझं पुस्तक उलटं धरून बघत होती. मी विचारलं तर म्हणाली, "वटवाघळाला असंच दिसत असणार." चित्रातल्या वटवाघळाचा एक पंख मी तीनदा खोडून काढला होता. तिने त्याच पंखावर बोट ठेवलं होतं.

तुमच्या मुलीला 'किशोर'चे जुने अंक जरूर दाखवा. बालभारतीने १९७१ पासून चालवलेलं मासिक, जुने अंक ऑनलाइन मोफत वाचायला ठेवलेले आहेत. आपल्या भाषेत चित्रं काढून जगलेल्या माणसांची कामं एका जागी बघायला मिळतात, त्यानेही धीर येतो.

कागदपत्र

थकलेल्या पैशांचा विषय निघाला म्हणून वकील या नात्याने लिहितो. चित्रकारांना हे सहसा कुणी सांगत नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वाचा. कुणी मोबदला देऊन मागणीवरून चित्र काढून घेतलं आणि करारात वेगळं काही लिहिलं नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा ठरू शकतो. म्हणून काम सुरू करायच्या आधी लेखी लिहा : हक्क माझे, तुम्हाला अमुक पुस्तकाच्या अमुक आवृत्तीसाठी वापराची परवानगी. हक्क देतच असाल तर कलम १९ लक्षात ठेवा. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि हक्क विकले तरी कलम ५७ नुसार चित्राखाली आपलं नाव मागण्याचा आणि चित्राची विटंबना रोखण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो.

पैशांसाठी : उद्यम नोंदणी करून घ्या, ती मोफत आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करारात मुदत नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते. बिलावर उद्यम क्रमांक छापा. निम्मे लोक तो क्रमांक बघूनच वेळेवर पैसे देतात, हा माझ्या अशिलांचा अनुभव.

निळीशाई

@कागदपत्र, हे तेरा महिन्यांच्या आधी कुणी सांगितलं असतं तर! उद्यम नोंदणी मी तीन वर्षांपूर्वी केली, बिलावर क्रमांक मात्र छापत नव्हते. आजपासून छापते.

मांडवी_काठ

@कागदपत्र, मग दलालांची चित्रं कॉपीराइटमधून कधी खुली होणार? ते १९७१ मध्ये गेले.

कागदपत्र

चित्रकाराच्या हयातीत प्रकाशित झालेल्या आणि हक्क त्यांच्याकडेच असलेल्या चित्रांचं संरक्षण मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे २०३१ च्या अखेरीपर्यंत.

दोन_वेण्या

निळीशाई ताई, तुमचा प्रतिसाद मी रात्री जेवणानंतर मोठ्याने वाचून दाखवला. यजमान पाच झऱ्यांच्या ठिकाणी थांबले आणि म्हणाले, "परत वाच." हप्ता चुकला नाही हे वाक्य त्यांना भिडलं. मुलगी उठून आत गेली आणि वही घेऊन आली, आम्ही दोघांनीही ती वही आजवर नीट बघितली नव्हती. भाजीवाल्या बायकांची साठेक पानं आहेत. सीईटीचा अर्ज भरायचं ठरलं आहे.

एकच विनंती. तिला तुमची चिंतामणी भिंत बघायची आहे. सकाळची की संध्याकाळची, असं विचारते आहे.

निळीशाई

दोन्ही वेळची. शनिवारी सकाळी लवकर या, रंगारीकाका असतील, आणि @पाटीवाला यांच्या दोरीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवंच आहे. तिला सांगा, जुने कपडे घालून यायचं. दिवेलागणीपर्यंत थांबवून घेईन.